लॅबमध्ये वाढवलेली त्वचा: आधी जखमेचं खाचर तयार करा

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात मी घरोघरी ड्रेसिंग करायला जाते. त्याआधी २२ वर्षं सर्जरीच्या आणि बर्न्सच्या वॉर्डात सिस्टर होते. हल्ली बऱ्याच घरांत एकच प्रश्न ऐकू येतो. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं आणि विचारतं, "सिस्टर, आता लॅबमध्ये कातडी वाढवतात ना? ती आमच्या बाबांच्या पायाला लावली तर?"

लावता येते. पण कोणती, कधी आणि कोणत्या जखमेवर, याचा क्रम आहे. तो चुकला की पैसेही जातात आणि त्वचाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे घडलं. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह होता आणि उजव्या टाचेला जखम झाली होती. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत जखमेवर एक महागडी शीट लावली, तिची किंमत वडिलांच्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त होती. पायात रक्त नीट पोहोचतंय का, हे कोणी तपासलं नव्हतं. मी स्वतः नर्स असून मीही विचारलं नव्हतं. सहाव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा ती शीट पसाबरोबर गॉजला चिकटून निघाली. पुढे दुसरीकडे डॉपलर (पायातला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झालं, पायाची रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडली, टाचेवरचा भार काढला, आणि चार महिन्यांत ती जखम कसलीही नवी त्वचा न लावता भरली.

म्हणून हा लेख घरच्यांसाठी आहे. भाजलेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी, आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या पायाच्या जखमेची रोज पट्टी बदलणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी: नळाखाली वीस मिनिटं

नवी त्वचा लावायची वेळच येऊ नये, यासाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते साधं पाणी. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून धरा, कारण घाबरलेल्या घरात दोन मिनिटंही वीस मिनिटांसारखी वाटतात. भाजल्यावर पहिल्या तीन तासांत कधीही हे केलं तरी फायदा होतो. बर्फ लावू नका, त्याने त्वचेचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम आणखी खोल जाते. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, यांतलं काहीही लावू नका. वॉर्डात मी हे सगळं खरवडून काढलंय आणि त्या वेळी लेकरं कशी ओरडतात तेही ऐकलंय. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण थोड्याच वेळात सूज येते. मग स्वच्छ सुती कापडाने सैल झाका आणि निघा. भाजलेला भाग मोठा असेल किंवा मूल लहान असेल, तर पाणी जखमेपुरतंच ठेवा आणि बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवा.

टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. रसायनाने भाजलं असेल तर कपडे काढा, कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग बराच वेळ धुवत राहा. रसायनाचं नाव लिहिलेलं लेबल किंवा त्याचा फोटो सोबत घ्या. विजेचा झटका असेल तर वरून जखम इवलीशी दिसली तरी रुग्णालयात जायचंच, कारण नुकसान आत झालेलं असतं.

दुसरी पायरी: जखम किती मोठी आणि किती खोल

रुग्णाचा स्वतःचा तळहात, सरळ बोटं एकमेकांना जुळवून, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. या मापाने मोजून फोनवर आकडा सांगितलात तर समोरच्या डॉक्टरांना लगेच अंदाज येतो.

खोली ओळखताना घरचे हमखास फसतात. लाल, ओली, फोडांची आणि खूप दुखणारी जखम बघून घाबरतात. पांढरट, तपकिरी किंवा चामड्यासारखी, फारशी न दुखणारी जखम बघून मात्र "दुखत नाही म्हणजे बरं आहे" म्हणतात. खरं याच्या उलट असतं. दुखणाऱ्या जखमेत त्वचेचा खालचा थर आणि केसांची मुळं जिवंत असतात. तिथूनच नव्या पेशी वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत जखम आपली आपण झाकली जाते. न दुखणाऱ्या जखमेत हे सगळं जळून गेलेलं असतं. ती फक्त कडेकडेने, अगदी हळूहळू भरते. मोठी असेल तर भरतच नाही.

प्रौढ माणसात १० टक्क्यांहून जास्त भाजलेलं, चेहरा, हात, पाय, गुप्तांग किंवा सांध्यावरची जखम, वीज किंवा रसायनाची जखम, आणि लहान मूल किंवा वृद्ध असेल तर भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या खास केंद्राकडेच जावं. आपल्या भागात ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे. ठाण्याहून मुलुंड-ऐरोली पूल किंवा कळवा-विटावा मार्गे जाता येतं. रुग्ण हलवायचा असेल तर १०८ ला फोन करा. ट्रान्स-हार्बर लोकलचा विचारही करू नका.

आता मुख्य गोष्ट. भाजलेली जागा खोल पण लहान असेल, तर लॅबच्या त्वचेची गरज जवळजवळ नसते. रुग्णाच्याच मांडीवरून मिलिमीटरच्याही अंशाइतका पातळ थर काढून जखमेवर लावतात, तेच स्किन ग्राफ्ट. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते आणि तिथून पुन्हाही त्वचा घेता येते. त्या थराला यंत्राने जाळी पाडली की तो ताणून दीडपट, तिप्पट जागा झाकतो. इतकी चांगली, टिकाऊ आणि अंगाशी जुळून राहणारी त्वचा अजून कुठल्याही प्रयोगशाळेने दिलेली नाही. अडचण येते ती साठ-सत्तर टक्के भाजलेल्या माणसात. घ्यायला निरोगी त्वचाच उरत नाही. लॅबची वाट तिथून सुरू होते.

तिसरी पायरी: "लॅबची त्वचा" म्हणजे नेमकी कोणती, हे विचारा

या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या आणि सांगितल्या जातात. त्यांची गल्लत झाल्यामुळेच घरच्यांच्या अपेक्षा भलतीकडे जातात.

सगळ्यात जास्त दिसते ती जिवंत पेशी नसलेली शीट. कोलॅजन या त्वचेतल्या प्रथिनाच्या साध्या शीटपासून ते त्वचेच्या आतल्या थराचा सांगाडा उभा करणाऱ्या जाळीपर्यंत सगळं यात येतं. अशी पहिली नावाजलेली जाळी बोस्टनचे सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यान्नास यांनी १९८१ मध्ये रुग्णांवर वापरल्याचं जाहीर केलं. गाई-बैलांच्या कोलॅजनमध्ये शार्कच्या कुर्चेतला एक घटक मिसळून ती बनवली होती आणि वर सिलिकॉनचा पातळ पडदा होता. इंटेग्रा या नावाने तिला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती जखमेवर ठेवली की रुग्णाच्या रक्तवाहिन्या आणि पेशी तिच्यात शिरतात. दोन ते चार आठवड्यांनी सिलिकॉन सोलून काढतात आणि त्यावर रुग्णाचाच अगदी पातळ ग्राफ्ट लावतात. म्हणजे एक नाही, दोन ऑपरेशनं. हे आधी सांगितलं नाही तर घरच्यांना वाटतं पहिलं फसलं. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या ऊतीपासून असा जखम भरणारा सांगाडा तयार केला आहे आणि त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आहे.

दुसरा प्रकार, दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशींचा. नवजात बाळांच्या सुंता केलेल्या त्वचेतून पेशी घेऊन त्या कोलॅजनवर दोन थरांत वाढवतात. अप्लिग्राफ हे त्यातलं गाजलेलं नाव. अमेरिकेत १९९८ मध्ये शिरांच्या दोषामुळे पायाला होणाऱ्या जखमांसाठी आणि २००० मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी त्याला मान्यता मिळाली. ही त्वचा रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाही. काही आठवडे राहते, त्या काळात रुग्णाच्या पेशींना वाढायचे संदेश देते आणि विरून जाते. मी घरच्यांना सांगते, ही बाळंतिणीकडे येऊन राहणाऱ्या आईसारखी आहे. घर सावरून देते आणि आपल्या घरी जाते.

तिसरा प्रकार म्हणजे खरी "वाढवलेली" त्वचा, रुग्णाच्याच पेशींची. माझं सासर घणसोली गावातलं. तिथे एके काळी भातशेती होती. सासूबाई सांगायच्या, लहानशा राबात दाटीने बी टाकायचं, रोपं वीतभर झाली की ते आवण उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. एवढ्याशा राबातून अख्खं शेत लागतं. इथे अगदी तसंच आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा निरोगी त्वचेचा तुकडा काढतात. त्यातल्या पेशी सुट्या करून ३७ अंश तापमानात वाढवतात. माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत अशा भरभरून वाढवायची युक्ती जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये शोधली. उंदराच्या, वाढ थांबवलेल्या पेशींचा एक थर खाली अंथरला की माणसाच्या पेशी त्यावर आनंदाने पसरतात, हे त्यांना दिसलं. साधारण तीन आठवड्यांत मूळ तुकड्याच्या हजारो पट त्वचा तयार होते. १९८३ मध्ये अमेरिकेत शरीराचा बहुतेक भाग जळालेले दोन लहान भाऊ अशा त्वचेमुळे वाचले आणि जगाचा यावर विश्वास बसला. त्यापुढचं पाऊल जर्मनीत पडलं. जन्मतःच त्वचा सुटून येणाऱ्या आजाराच्या सात वर्षांच्या मुलाच्या पेशींतला जनुकीय दोष इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या चमूने दुरुस्त केला, त्यापासून त्वचा वाढवली आणि त्याच्या अंगाची जवळपास ८० टक्के त्वचा बदलली. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तशी मुलं मी कापसात गुंडाळून उचललेली आहेत.

चौथा प्रकार फवाऱ्याचा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या सर्जन फियोना वूड यांनी तो पुढे आणला. रुग्णाच्या त्वचेचा छोटा तुकडा ऑपरेशन थिएटरमध्येच अर्ध्या तासात पेशींच्या द्रावणात बदलतात आणि जखमेवर फवारतात. १ चौरस सेंटिमीटर त्वचा ८० चौरस सेंटिमीटरला पुरते. आठवड्यांची वाट नाही आणि रंग देणाऱ्या पेशीही त्यात येतात. पण जखमेत आतला थर थोडा तरी शिल्लक हवा, नाहीतर जाळी पाडलेल्या स्किन ग्राफ्टसोबतच वापरावा लागतो.

या चारही प्रकारांत केस उगवत नाहीत आणि घामाच्या ग्रंथी तयार होत नाहीत. हे आत्ताच मनाशी धरा.

चौथी पायरी: खाचर

आवण कितीही तरारलेलं असो, खाचराची चिखलणी झाली नसेल तर ते उभं राहत नाही. नव्या त्वचेला स्वतःचं रक्त नसतं. पहिले दोन-तीन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. खाली पस, मेलेलं मांस किंवा रक्ताची गाठ असेल, तर तिला प्यायलाच काही मिळत नाही. म्हणून शीट कोणत्या कंपनीची, याआधी जखमेचा तळ कसा आहे ते बघा. ताज्या गोमांतकी कोकमासारखा लाल, दाणेदार, ओलसर आणि बोट लावल्यावर पटकन रक्त येणारा तळ हवा. पिवळट चिकट थर, काळी खपली, हिरवट स्राव, वास, यांतलं काही असेल तर आधी सफाई. ती एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावी लागते.

मधुमेही पायाबाबत मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ठाणे-नवी मुंबईत रोज पाहते त्या जखमा बहुतेक याच असतात. पायाची संवेदना गेलेली, चैत्रात देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घातली आणि तळवा भाजला तरी कळलं नाही. रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली आणि सकाळी फोड. नव्या चपलेचा अंगठा घासला. अशा जखमेवर कोणतीही त्वचा लावण्याआधी चार गोष्टी तपासून झालेल्या असल्याच पाहिजेत.

रक्त पोहोचतंय का? घोट्याजवळच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना आणि पायाचं डॉपलर. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचा आकडा कधी कधी खोटाच चांगला येतो. म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका, डॉपलरचा रिपोर्ट मागा.

हाडापर्यंत संसर्ग गेलाय का? डॉक्टर बोथट सळईने जखमेचा तळ चाचपतात. हाड लागलं तर एक्स-रे किंवा एमआरआय. हाड सडलेलं असताना वर त्वचा लावणं म्हणजे गळक्या टाकीला रंग देणं.

भार निघालाय का? हा भाग घरचे सगळ्यात हलक्यात घेतात. जखम तळव्यावर असेल तर प्रत्येक पावलाला ती चिरडली जाते. खास प्लास्टर किंवा भार काढणारा बूट द्यायला सांगा आणि तो रात्री बाथरूमला जातानाही घालायला लावा. "एवढ्या चार पावलांनी काय होतं" असं बाबा म्हणतील. त्या चार पावलांनीच होतं.

साखर, प्रथिनं, तंबाखू. तीन महिन्यांची साखर बघा. रोजच्या जेवणात डाळ, अंडं, मासे, दही, शेंगदाणे, जे घरात चालतं ते वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं किती ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बिडी, सिगरेट, मिश्री, गुटखा सगळं बंद. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

हे सगळं नीट केल्यावर चार आठवड्यांनी जखम मोजा. दर आठवड्याला शेजारी पट्टी ठेवून, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा आणि तारीख लिहा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्याने कमी झालं असेल, तर ती बहुधा साध्या उपचारानेच भरेल, महागड्या शीटची घाई नको. झालं नसेल, तर आता त्वचेच्या पर्यायांबद्दल बोलायची खरी वेळ आली. हे फोटो डॉक्टरांना दाखवा. माझ्या अनुभवात "बरीच बरी आहे" या शब्दांपेक्षा चार फोटोंवरून निर्णय लवकर होतो.

पाचवी पायरी: कागद, पेन आणि प्रश्न

ओपीडीत गेल्यावर सगळं विसरायला होतं, म्हणून घरूनच लिहून न्या. मी घरच्यांना हे प्रश्न देते:

- ही वस्तू जिवंत पेशींची आहे की नुसता सांगाडा? अंगावर कायम राहणार की काही आठवड्यांनी जाणार?
- नंतर माझ्या मांडीची त्वचा लागणारच आहे का? एकूण ऑपरेशनं किती?
- यात गाय, डुक्कर, मासा किंवा इतर कोणत्या प्राण्याचं काही आहे का?
- माझ्याच आजारासाठी भारतात हिला मान्यता आहे, की हा प्रयोग आहे?
- लागली नाही तर पुढे काय करणार, आणि त्याचा खर्च कोणाचा?

प्राण्याबद्दलचा प्रश्न विचारायला लाजू नका. आपल्या सोसायट्यांत जैन आहेत, मुसलमान आहेत, गाईचं काही अंगाला लावून घ्यायला मन न धजणारे आहेत. ऑपरेशननंतर कळलं तर मनाला लागतं. आधी विचारलं तर बहुतेक वेळा दुसरा पर्याय निघतो, किंवा घरातली वडील माणसं, धर्मगुरू यांच्याशी बोलायला वेळ तरी मिळतो.

प्रयोगाबद्दलचा प्रश्न मात्र सोडायचाच नाही. भारतात पेशींपासून बनवलेली उत्पादनं कायद्याने नवीन औषध मानली जातात. मान्यता नसलेला पेशी-उपचार फक्त नोंदणी झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतो. तसं असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, मराठीतलं संमतिपत्र मागा, ते घरी नेऊन वाचा. ट्रायलमधल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील किंवा "स्टेम सेलने कातडी उगवते" एवढ्याच बोलीवर कोणी पॅकेज सांगत असेल, तर तिथून उठा. अमेरिकेत मान्यता आहे म्हणजे इथे मान्यता आहे असं नसतं.

पैशांचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, हेल्पलाइन १५५३८८. पॅकेजमध्ये स्किन ग्राफ्ट असतो म्हणून त्वचेची शीटही असेलच असं धरू नका, आरोग्यमित्राकडून आधी तपासून घ्या. धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लावा. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करून काही हाती लागत नाही.

सहावी पायरी: मधले तीन आठवडे

स्वतःच्या पेशींची त्वचा वाढायला तीन आठवडे लागतात. पण सत्तर टक्के भाजलेला माणूस उघड्या जखमा घेऊन तीन आठवडे थांबू शकत नाही. अंगातलं पाणी आणि प्रथिनं वाहून जातात, जंतू आत शिरतात. म्हणून मेलेली त्वचा पहिल्या काही दिवसांतच कापून काढतात आणि त्या जागा तात्पुरत्या झाकतात.

झाकायला सगळ्यात उत्तम काय, तर मृत्यूनंतर दान केलेली माणसाची त्वचा. रुग्णाचं शरीर ती साधारण दोन-तीन आठवड्यांनी नाकारतं. लॅबला लागतो तेवढाच हा वेळ. १९८६ मध्ये अमेरिकेतले सर्जन कुओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. दान केलेली त्वचा आधी लावायची, तीन आठवड्यांनी तिचा वरचा थर खरवडून काढायचा, आतला थर तसाच ठेवायचा, आणि त्यावर रुग्णाच्या पेशींची वाढवलेली त्वचा लावायची. नुसत्या जखमेवर लावल्यापेक्षा ती जास्त चांगली धरते. म्हणजे सगळ्यात आधुनिक लॅबलाही शेवटी कुणाच्या तरी घरातल्या एका होकाराची गरज पडते.

हा होकार देणं अवघड नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून स्किन बँक आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत फोन करायचा. पथक घरी किंवा रुग्णालयात येतं. मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात, पाऊण तासाच्या आत काम आटोपतं, रक्त वाहत नाही, बँडेज करून देतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. १८ वर्षांपुढच्या कोणाचीही चालते, वयाला वरची मर्यादा नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ४ अंशांवर ती पाच वर्षांपर्यंत टिकते. डोळे दान करायचे ठरलं असेल तर त्याच फोनसोबत हेही सांगा, दोन्ही एकत्र होतं.

त्वचा नसते तेव्हा आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी काय काय शोधलं, तेही सांगायला हवं. डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालांचं ड्रेसिंग केलं आणि १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. सायनच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ते बदलताना दुखत नाही. ही पानं रुग्णालयात निर्जंतुक करून वापरतात. परसातलं पान तोडून घरच्या घरी लावू नका.

या काळात घरच्यांचं काम दोन गोष्टींचं. भेटायला येणाऱ्यांना दाराशीच थांबवणं, आणि रुग्णाला खायला घालणं. मोठ्या भाजण्यात शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अन्न लागतं. नळीतून देत असतील तर विरोध करू नका.

सातवी पायरी: लावल्यानंतरचे दहा दिवस

लॅबमधून आलेला थर केवळ काही पेशींच्या जाडीचा असतो. तो तुपकट जाळीवर चिकटवून, डब्यात घालून येतो आणि आल्यावर साधारण दिवसभरातच लावावा लागतो. त्यामुळे ऑपरेशनची वेळ लॅबच्या वेळेवर ठरते, ती अचानक पुढे-मागे झाली तर डॉक्टरांवर रागावू नका.

मग हलायचं नाही. त्वचा घासली गेली की खालचे नवे धागे तुटतात. पाठीवर लावलेली असेल तर रुग्णाला पालथं किंवा खास गादीवर ठेवतात. साधा स्किन ग्राफ्ट तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उघडतात, वाढवलेली त्वचा सात ते दहा दिवसांनी. वरचं ड्रेसिंग भिजलं, हिरवं झालं, वास आला, ताप आला तर लगेच सांगा, पण स्वतः उघडून "जरा बघू" करू नका. उघडल्यावर काही जागा गेलेल्या दिसतीलच. पूर्ण शंभर टक्के धरलेली वाढवलेली त्वचा मी पाहिलेली नाही. गेलेल्या जागी पुन्हा लावतात.

आठवी पायरी: घर

नवी त्वचा पहिले कित्येक महिने कागदासारखी असते. वरचा आणि खालचा थर एकमेकांत नीट गुंतायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे चड्डीच्या इलॅस्टिकने, उशीच्या शिवणीने, लोकलच्या गर्दीतल्या एका धक्क्यानेही फोड येतो. फोड फोडू नका, स्वच्छ पट्टी ठेवा. कपडे सुती, सैल, शिवण बाहेरच्या बाजूला. पहिले काही महिने गर्दीच्या वेळेची लोकल टाळा.

तिला तेलग्रंथी नसतात, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. सगळी जागा पूर्ण बंद झाल्यावरच. खाज खूप सुटते, रात्री जास्त. नखं कापलेली ठेवा, गार ओल्या फडक्याने दाबा, खाजवू देऊ नका, आणि औषध मागून घ्या. खाज सहन करण्यात काही शौर्य नाही.

सांध्यावरची त्वचा आखडते. मान, कोपर, बोटं, काख, गुडघा. फिजिओथेरपी दुखते म्हणून आई-वडील लेकराला सोडवतात आणि सहा महिन्यांनी हात सरळ होत नाही. स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा आधार) सांगितल्याप्रमाणे रात्रभर, दाब देणारे कपडे दिवसातून २३ तास, फक्त अंघोळ आणि मालिशपुरते काढून, आणि हे वर्षभर, कधी त्याहून जास्त. दोन जोड शिवून घ्या म्हणजे धुणं अडत नाही.

घामाच्या ग्रंथी नाहीत, हे आता आठवा. ठाण्याच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगाची मोठी जागा अशा त्वचेची असेल तर शरीर तापत जातं आणि रुग्णाला कळतही नाही. दुपारी बाहेर पाठवू नका, ओला पंचा गळ्यात ठेवा, पाण्याची बाटली हातात द्या, डोकं जड वाटलं, मळमळलं की सावलीत आणून अंग पुसा. उन्हाने डाग काळे पडतात, म्हणून पूर्ण बाह्या आणि छत्री पावसाळ्यानंतरही.

रंग आजूबाजूच्या कातडीशी जुळेल असं नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला हे आरशासमोर पहिल्यांदा कळू देऊ नका, डॉक्टरांना आधी तिच्याशी बोलायला सांगा आणि समुपदेशकाची वेळ मागा. मी हे काम करताना जखमेपेक्षा त्या बोलण्याला जास्त वेळ देते.

आणि मधुमेही पायाची जखम भरली म्हणून फाइल बंद करू नका. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघा, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा, घरातही अनवाणी फिरू नका. भाजल्याच्या जुन्या व्रणावर वर्षांनंतर, अगदी दहा-वीस वर्षांनंतरही, नवी जखम झाली आणि महिनाभरात भरली नाही, कडा जाड झाल्या किंवा त्यातून वारंवार रक्त यायला लागलं, तर ड्रेसिंग करत बसू नका. त्या जागेत कर्करोग होऊ शकतो. थेट सर्जनकडे जाऊन तुकडा तपासून घ्या.